पोकरचा हिशेब : समोरच्याचे पत्ते ‘ओळखायचे’ नाहीत, मोजायचे!

आदिलाबाद : पोळा-दिवाळी आली की पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पत्त्यांचे डाव रंगतात. आता तीन पत्ती, रमीच्या जोडीला मोबाईलवरून पोकरही गावात पोहोचलंय. ‘डोकं चालवलं की पैसा मिळतो’ असं पोरं म्हणतात. यात खरं किती?

पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि मधे सगळ्यांसाठी पाच पत्ते असतात. नवखा खेळाडू समोरच्याकडे नेमकं काय आहे याचा अंदाज बांधतो. जाणकार मात्र तशी बोली लावणाऱ्याकडे काय काय असू शकतं, त्याची यादी धरतो. या यादीला ‘रेंज’ म्हणतात. बावन पत्त्यांत दोन राजे हाती येण्याचे प्रकार 6, तर एक्का-राजा येण्याचे 16. म्हणून यादी मोजावी लागते.

त्या यादीसमोर आपण जिंकण्याचा वाटा म्हणजे ‘इक्विटी’. समजा, मधे चार पत्ते उघडले, आपल्याकडे एकूण चार बदाम झाले आणि पाचवा आला तरच आपण जिंकू. न दिसलेले पत्ते 46, त्यात बदाम 9. म्हणजे संधी साधारण 20 टक्के. मधे 1000 चिप्स आहेत आणि समोरच्याने उरलेल्या सगळ्या 500 लावल्या. आपण 500 टाकले तर एकूण 2000 होतात. म्हणजे किमान 25 टक्के संधी हवी. ती नाही, म्हणून पत्ते टाकायचे. हट्टाने खेळलं तर एखाद्या वेळी बदाम येईलही, पण दर वेळी सरासरी 109 चिप्स जातात.

यात डाव भरवणाऱ्याचा हिस्सा धरलेला नाही. त्याने 5 टक्के कापले तर हाती 1900 येतात आणि 25 ऐवजी 26.3 टक्के संधी लागते. हा हिस्सा प्रत्येक डावात जातो. त्यामुळे टेबलावरचे सगळे सारखेच हुशार असतील, तर शेवटी सगळेच तोट्यात.

राहिला कायदा. सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. ‘कौशल्य आहे, मग चालतं’ हा समज तिथूनच पसरला. पण तेलंगणाने 1974 च्या गेमिंग कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती करून पैसे लावून खेळताना मिळणारी कौशल्याची सूट काढली आणि ऑनलाइन खेळही कक्षेत आणले.

‘नदीपलीकडे महाराष्ट्रात जाऊन मोबाईलवर खेळू’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं : पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो देशभरासाठी आहे. असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

रेंज-इक्विटीचं गणित शिकायला हरकत नाही. घरी चिंचोके लावूनही ते तितकंच पक्कं होतं. कापूस विकून आलेला पैसा त्यासाठी लागत नाही.