बरोबरीची मते आणि मातीचे भांडे
लेखमाला : निवडून येणे म्हणजे काय? (लेखांक ७)

फेब्रुवारी २०१७. मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२० ची मोजणी संपली, तेव्हा भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मते सारखीच भरली. शेवटी चिठ्ठी टाकली, शहांचे नाव निघाले आणि ते नगरसेवक झाले. ती बातमी अनेक वाचकांना आठवत असेल. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका आमदारकीचा निकालही चिठ्ठीवर गेला. तिथे त्या चिठ्ठीला सभागृहाचे बहुमत टांगलेले होते.

मागच्या लेखांकापर्यंत आपण आपल्याच विधानसभा मतदारसंघांत फिरत होतो. या वेळी मुद्दाम परका मतदारसंघ घेतला आहे. घरातले भांडण आपण आपापल्या पक्षाच्या चष्म्यातून बघतो, शेजारच्या घरातले मात्र निवांत बघता येते. ‘प्रत्येक मताला किंमत असते’ हे वाक्य दर निवडणुकीत आपल्या कानावर पडते. व्हर्जिनियाचा ९४ वा मतदारसंघ नीट पाहिला की त्या वाक्याला एक पुरवणी जोडावी लागते. किंमत असते खरी, पण मत पेटीत पडण्याआधीच ती बरीचशी ठरलेली असते.

८० हजारांचा मतदारसंघ

व्हर्जिनियाच्या विधिमंडळाला दोन सभागृहे आहेत. वरच्या सिनेटमध्ये ४० सदस्य, मुदत चार वर्षांची. खालच्या ‘हाउस ऑफ डेलिगेट्स’मध्ये १०० सदस्य, मुदत अवघी दोन वर्षांची. या सभागृहाचे मूळ थेट १६१९ मध्ये जेम्सटाउनला भरलेल्या सभेपर्यंत जाते. आपल्याकडे तेव्हा जहांगीर बादशहाचा अंमल होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून अकरा वर्षे होती. निवडणुका विषम वर्षांत होतात, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षात कधीच नाहीत. त्यामुळे मतदानाला येणारे लोकही कमी.

२०१० च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ८० लाखांच्या घरात होती. १०० जागांनी भागले की एका मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे ८० हजार माणसे येतात, तीही लहान मुलांसकट. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात नुसते मतदारच सरासरी सव्वातीन लाखांच्या पुढे असतात. तिथला आमदार हा आकारमानाने आपल्या एखाद्या मोठ्या पालिकेतल्या दोन प्रभागांचा प्रतिनिधी म्हणावा इतकाच.

त्याचा पगारही तसाच. डेलिगेटला वर्षाला १७,६४० डॉलर मिळतात. तिथल्या राहणीमानात एवढ्यावर घर चालत नाही, आणि ते चालावे अशी अपेक्षाही नाही. विधिमंडळाचे नियमित अधिवेशन सम वर्षांत ६० दिवसांचे असते, विषम वर्षांत त्याहून लहान. उरलेले वर्ष आमदार वकिली करतो, दुकान सांभाळतो किंवा शाळेत शिकवतो. आमदारकी हा तिथे जोडधंदा आहे.

९४ वा मतदारसंघ तेव्हा न्यूपोर्ट न्यूज या शहरात होता. जेम्स नदीच्या काठचे हे शहर जहाजबांधणीसाठी ओळखले जाते. अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू युद्धनौका इथल्याच गोदीत बांधल्या जातात. गोदी कामगार, लष्करी कुटुंबे, गोरी आणि कृष्णवर्णीय वस्ती असा सगळा मिश्र मामला.

उमेदवार व्हायचे कसे?

वय २१ पूर्ण हवे. आपल्याकडे विधानसभेसाठी २५ लागते. दुसरी अट आपल्याला नवी वाटेल. उमेदवार त्याच मतदारसंघात राहणारा असला पाहिजे. आपल्याकडे राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असले की विधानसभेला कुठूनही उभे राहता येते, म्हणून ‘बाहेरचा उमेदवार’ हा आपल्या प्रचारातला हुकमी मुद्दा ठरतो. तिथे तो वाद कायद्यानेच मिटवला आहे.

पक्षाची उमेदवारी मुंबईतून किंवा दिल्लीतून येत नाही. पक्षाने प्राथमिक निवडणूक घ्यायचे ठरवले, तर इच्छुकाने मतदारसंघातल्या १२५ नोंदणीकृत मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, पगाराच्या दोन टक्के एवढे शुल्क भरायचे आणि जूनमध्ये आपल्याच पक्षातल्या प्रतिस्पर्ध्यांशी लढायचे. व्हर्जिनियात मतदार नोंदणी पक्षवार होत नाही. त्यामुळे कोणताही मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देऊ शकतो. जो तिथे तरतो, तो नोव्हेंबरमध्ये खऱ्या लढतीला उभा राहतो. एबी फॉर्मसाठी मध्यरात्रीपर्यंत बंगल्याबाहेर ताटकळणारे इच्छुक हे दृश्य तिथे दिसत नाही.

२०१७ मध्ये ९४ व्या मतदारसंघात रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान सदस्य डेव्हिड यान्सी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स समोरासमोर आले. सायमंड्स शहराच्या शालेय मंडळाच्या सदस्य होत्या. तिसरा उमेदवार लिबर्टेरियन पक्षाचा होता. व्हर्जिनियातही आपल्यासारखाच नियम आहे. ज्याला सगळ्यांत जास्त मते, तो विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात.

एका लंबवर्तुळाची गोष्ट

मतदान ७ नोव्हेंबरला झाले. त्याच्या दोनच महिने आधी, सुरक्षिततेच्या शंकेवरून, राज्याच्या निवडणूक मंडळाने बोटाने पडदा दाबून मत द्यायची सगळी यंत्रे बाद केली होती. त्यामुळे राज्यभर मत कागदावर पडले. त्या मतपत्रिकेवर कमळ नसते, घड्याळ नसते, धनुष्यबाणही नसतो. उमेदवाराचे नाव, पक्ष आणि बाजूला एक लहानसे लंबवर्तुळ. मतदाराने ते पेनाने काळे करायचे आणि कागद यंत्रात सरकवायचा. बहुपर्यायी परीक्षेची उत्तरपत्रिका भरलेल्या कुणालाही हे लगेच जमेल.

पहिल्या मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे होते. फरक इतका कमी की फेरमोजणी मागितली जाणारच होती. १९ डिसेंबरला ती झाली. कागद पुन्हा यंत्रातून गेले आणि ज्यांवरच्या खुणा यंत्राला उमगल्या नाहीत, ते बाजूला काढून माणसांनी तपासले. संध्याकाळी आकडे आले. सायमंड्स ११,६०८, यान्सी ११,६०७. एका मताने उलटफेर झाला होता.

दुसऱ्या दिवशी निकालावर शिक्कामोर्तब करायला तीन न्यायाधीशांचे फेरमोजणी न्यायालय बसले, तेव्हा त्यांच्यापुढे एक पत्र आले. रिपब्लिकन बाजूने मोजणीला बसलेल्या एका अधिकाऱ्याने लिहिले होते की, आदल्या दिवशी बाद ठरवलेली एक मतपत्रिका खरे तर यान्सींची आहे.

ती मतपत्रिका अशी होती. आमदारकीच्या रकान्यात सायमंड्स आणि यान्सी या दोघांचीही लंबवर्तुळे काळी केलेली. पण सायमंड्स यांच्या खुणेवर पेनाची एक तिरकी रेघ ओढलेली. त्याच कागदावर इतर पदांसाठी त्या मतदाराने रिपब्लिकन उमेदवारांना पसंती दिलेली.

आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात दोन उमेदवारांसमोर शिक्का उमटला की मत बाद. मतदाराच्या मनात काय होते, हा प्रश्नच उद्भवत नसे. व्हर्जिनियाचा कायदा मात्र मतदाराचा हेतू शोधायला सांगतो. न्यायाधीशांनी तो शोधला. रेघ म्हणजे खोडणे, आणि खोडले ते सायमंड्स यांचे नाव. मत यान्सींच्या खात्यात गेले. ११,६०८ विरुद्ध ११,६०८.

पेनाच्या त्या रेघेचे वजन कळायला सभागृहाचा हिशेब बघावा लागतो. निवडणुकीआधी तिथे ६६ रिपब्लिकन आणि ३४ डेमोक्रॅट होते. २०१७ मध्ये डेमोक्रॅटांनी १५ जागा हिसकावल्या आणि गाडी ५० विरुद्ध ४९ वर येऊन थांबली. उरली ही एक जागा. सायमंड्स जिंकल्या तर ५०-५० आणि सत्तेची वाटणी. यान्सी जिंकले तर ५१-४९ आणि अध्यक्षपदापासून समित्यांपर्यंत सगळे रिपब्लिकनांकडे.

चिठ्ठी

बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकावी, असे व्हर्जिनियाचा निवडणूक कायदा सांगतो. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६५ वे कलमही हेच सांगते. फरक एवढाच की आपल्याकडे हे काम निवडणूक निर्णय अधिकारी तिथल्या तिथे उरकतो. व्हर्जिनियात ते राज्य निवडणूक मंडळाने राजधानी रिचमंडमध्ये, कॅमेऱ्यांच्या गर्दीत केले.

४ जानेवारी २०१८ चा दिवस. दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या जुन्या कॅमेऱ्यांच्या फिल्मच्या डब्यांत घातल्या. डबे एका मोठ्या मातीच्या भांड्यात ठेवले. निळ्या-पांढऱ्या रंगाचे हे भांडे स्टीव्हन ग्लास या कलावंताने घडवलेले, कला संग्रहालयाकडून खास आणलेले. मंडळाचे अध्यक्ष जेम्स अल्कॉर्न यांनी त्यातला एक डबा उचलला, उघडला आणि नाव वाचले, ‘डेव्हिड यान्सी’. सहा दिवसांनी अधिवेशन सुरू झाले आणि त्याच दिवशी सायमंड्स यांनी पराभव मान्य केला.

गोष्ट इथे संपली असती तर तिचे तात्पर्य सोपे होते. एक माणूस मतदानाला गेला असता तर! अनेकांनी तेच काढले. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

कुंपण कोणी घातले?

मे २०१८ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने एक बातमी दिली. ९४ व्या मतदारसंघात राहणाऱ्या २६ मतदारांना शेजारच्या ९३ व्या मतदारसंघाची मतपत्रिका देण्यात आली होती. त्यांची नावेच चुकीच्या यादीत होती. हे लोक मतदानाला गेले होते. त्यांनी लंबवर्तुळही नीट काळे केले असेल. फक्त त्यांच्या कागदावर यान्सी आणि सायमंड्स ही नावेच नव्हती. बरोबरीत सुटलेल्या लढतीत २६ मते यादीतल्या चुकीने वाहून गेली, आणि तोवर निकाल बदलण्याची वेळ टळून गेली होती.

ही झाली चूक. दुसरी गोष्ट चूक नव्हती, ती ठरवून केलेली होती. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखाव्या लागतात. आपल्याकडे हे काम संसदेच्या कायद्याने नेमलेला परिसीमन आयोग करतो. महाराष्ट्राचे आजचे २८८ मतदारसंघ २००८ च्या आदेशाने, २००१ च्या जनगणनेवरून आखलेले आहेत. व्हर्जिनियात मात्र २०११ साली नकाशा विधिमंडळानेच आखला. ज्यांना निवडून यायचे, तेच आपले मतदार निवडत होते.

त्या नकाशात बारा मतदारसंघांमध्ये कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण किमान ५५ टक्के राहील, अशी बेतणी केली होती. वरवर पाहता हे त्यांच्या भल्याचे दिसते. पण बहुतांशी एकाच पक्षाला मत देणारी वस्ती मोजक्या मतदारसंघांत कोंबली की त्या जागा तो पक्ष प्रचंड मताधिक्याने जिंकतो आणि आजूबाजूच्या जागा थोडक्यात हरतो. २०१७ मध्ये सभागृहाच्या एकूण मतांपैकी सुमारे ५३ टक्के डेमोक्रॅटांना, तर ४४ टक्के रिपब्लिकनांना मिळाली. काही जागांवर एकाच पक्षाचा उमेदवार होता, म्हणून हे आकडे जसेच्या तसे ताडून बघता येत नाहीत. तरीही नऊ टक्क्यांची आघाडी घेऊन एक पक्ष भांड्यातल्या डब्याकडे डोळे लावून बसतो, तेव्हा नकाशाकडे बघावेच लागते.

जून २०१८ मध्ये संघीय न्यायालयाने त्या बारांपैकी अकरा मतदारसंघ घटनाबाह्य ठरवले, कारण ते वंशाच्या आधारावर आखले होते. ९४ वा त्यांत नव्हता, पण शेजारचा ९५ वा होता. शेजाऱ्याचे कुंपण हलले की आपलेही हलते. न्यायालयाच्या देखरेखीखाली नवा नकाशा तयार झाला आणि त्यात ९४ व्याची हद्दही बदलली.

नोव्हेंबर २०१९ मध्ये यान्सी आणि सायमंड्स पुन्हा समोरासमोर आले. माणसे तीच, शहर तेच. फक्त रेषा निराळ्या. सायमंड्स मोठ्या फरकाने निवडून आल्या. या वेळी ना फेरमोजणी लागली, ना भांडे. सभागृह ५५ विरुद्ध ४५ असे डेमोक्रॅटांकडे गेले. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाच्या मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून सीमा आखण्याचे काम एका आयोगाकडे सोपवले. त्यात आठ आमदार आणि आठ सामान्य नागरिक. २०२१ मध्ये या आयोगाचे एकमत होईना, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाशा आखून दिला. त्या नकाशाने मतदारसंघांचे क्रमांकही बदलले.

आपल्याकडे सीमा आखणारे आमदार नाहीत, ही आपली जमेची बाजू. पण ९४ व्या मतदारसंघातले ते २६ मतदार आपल्या प्रत्येक वाड्या-वस्तीत सापडतील. रस्त्याच्या अलीकडचे घर एका मतदारसंघात, पलीकडचे दुसऱ्यात. नवरा एका यादी भागात, बायको दुसऱ्या. घर बदलून पाच वर्षे झाली तरी नाव जुन्याच पत्त्यावर. मतदानाच्या दिवशी केंद्रावर घातलेला वाद याला उपाय नाही, कारण त्या दिवशी यादी बदलत नाही. तेव्हा या रविवारी एवढे करा. मतदार यादीत आपले नाव शोधा, मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक घराच्या पत्त्याशी पडताळून पाहा आणि काही चुकले असेल तर आपल्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, आत्ताच गाठा.