युआर्ट संकलित मंडले
युआर्ट संकलित मंडले : संगणकाच्या आत समांतर तारांवरून आलेल्या बाइटमधील बिट एकामागून एक असे एकाच तारेवर पाठविणारी आणि तसेच आलेले बिट जुळवून पुन्हा बाइट सिद्ध करणारी मंडले. ‘युनिव्हर्सल असिंक्रोनस रिसीव्हर-ट्रान्समीटर’ या नावाचे हे आद्याक्षररूप होय. मोडेम व दूरस्थ टर्मिनल यांची संगणकाशी जोडणी यांच्यामार्फत होत असे. नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकन कंपनीचे ८२५० हे मंडल आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकासाठी वापरले गेले व त्यातील नोंदकांची रचना प्रमाणभूत ठरली. पुढील प्रकार बहुतांशी त्याच खोबणीत बसतात. परंतु खोबणीत बसणारे मंडल तसेच चालेल, असे मात्र नाही.

मूळ ८२५० मध्ये मध्यवर्ती संस्करण विभागाला दिल्या जाणाऱ्या व्यत्यय संकेतासंबंधी काही दोष होते. ८२५०-ए मध्ये ते काढून टाकण्यात आले. पण आयबीएम पीसी व एक्सटी यांची मूलभूत आज्ञावली (बायॉस) या दोषांना धरूनच लिहिलेली असल्यामुळे सुधारलेले मंडल तेथे नीट चालेना. म्हणून ८२५०-बी मध्ये जुने वर्तन पुन्हा आणावे लागले. दोष हाच प्रमाण ठरल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

१९८४ च्या पीसी एटीमधील १६४५० अधिक जलद असले, तरी आलेले एकच अक्षर ते राखून ठेवू शकते. अक्षरास १० बिट धरल्यास सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने दर अक्षरामागे सु. १ मिलिसेकंद मिळतो. १,१५,२०० बिट या वेगाला केवळ ८७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात अक्षर वाचले न गेल्यास पुढचे त्यावर येऊन पडते व ते कायमचे नष्ट होते. यावर उपाय म्हणून १६५५० मध्ये दोन्ही दिशांना १६ बाइटांची रांग ठेवण्यात आली. तथापि पहिल्या आवृत्तीतील रांग सदोष असल्याने तिच्यावर विसंबता येत नसे. १६५५०-ए मध्ये ती निर्दोष झाली.

त्यामुळे मंडल ओळखण्याचे काम आज्ञावलीवर येते. रांग चालू करण्याची आज्ञा देऊन व्यत्यय-ओळख नोंदक वाचल्यावर वरचे दोन्ही बिट १ आढळल्यास मंडल १६५५०-ए, केवळ सर्वांत वरचा १ असल्यास मूळ १६५५० आणि दोन्ही ० असल्यास त्याआधीचे समजतात. या शेवटच्या गटात मोकळ्या नोंदकात लिहिलेला अंक टिकल्यास ते ८२५०-ए किंवा १६४५० असते, न टिकल्यास ८२५० किंवा ८२५०-बी.