रणगाड्यावरची माती

उसाचा हंगाम सुरू झाला की धारूर घाटात रस्त्याकडेला उभं राहून एखादा ट्रॅक्टर नीट पाहावा. बॉनेटवर धुळीचा सारखा थर. मडगार्डच्या आत मात्र चिखलाचे दोन रंग: आतला वाळून पांढुरका पडलेला, वरचा ओला आणि काळा. ड्रायव्हर पाय टेकवून चढतो त्या पायरीचा रंग उडून लोखंड चकाकतं. डिझेलच्या टाकीच्या झाकणाखाली तेलकट ओघळ, आणि धूळ सगळ्यांत जास्त चिकटते ती त्या ओघळालाच. प्लास्टिकचा छोटा रणगाडा लढाईतून आल्यासारखा दिसावा असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

या कामाला छंदिष्ट मंडळी वेदरिंग म्हणतात. सैनिकी वाहनांच्या मॉडेलमध्ये 1/35 हे माप सगळ्यांत रुजलेलं. जपानच्या टामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी बसाव्यात म्हणून हे माप निघालं. पुढे जगभर तेच चाललं.

आपल्याकडच्या माणसाने पहिला रणगाडा कोणता करावा? माझं उत्तर ठरलेलं आहे: सेंच्युरियन, आणि तोही ‘फामागुस्ता’. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल 16 डिसेंबर 1971 रोजी शकरगढ भागातल्या बसंतरच्या लढाईत याच रणगाड्यात होते. रेजिमेंट 17 पूना हॉर्स, वय 21. रणगाड्याला गोळा लागल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला, पण तोफ चालू आहे म्हणून ते हटले नाहीत. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तो रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने जपून ठेवला आहे.

सेंच्युरियनचे किट टामिया आणि एएफव्ही क्लब या दोघांनीही काढले आहेत. खऱ्या रणगाड्याची तोफ सोडून लांबी साधारण साडेसात मीटर, म्हणजे मॉडेल एकवीस-बावीस सेंटिमीटरचं. हा हिशेब डोक्यात पक्का हवा. मॉडेलवर एक मिलिमीटरचा टवका दाखवला, तर खऱ्या रणगाड्यावर तो साडेतीन सेंटिमीटरचा होतो. नवखे हात इथेच घसरतात. हौसेने इतके टवके आणि इतका गंज चढवतात की गाडी भंगारात पडलेली वाटते. लढणाऱ्या तुकडीची गाडी रोज हाताखालची असते. तिचा रंग झिजतो तो माणसांचा वावर असतो तिथे: झाकणांच्या कडा, चढण्याच्या जागा, अवजारपेट्यांचे कोपरे.

रंगकामाचा क्रम चुकवून चालत नाही. सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यायचे, मग प्रायमर, मग ऑलिव्ह ग्रीन. डबीतला हिरवा आहे तसा लावला तर छोट्या वस्तूवर फार गडद दिसतो, म्हणून तो थोडा फिकट करायचा. वर चकाकणारं ॲक्रिलिक वार्निश आणि त्यावर आकडे-खुणांचे डेकल. डेकल वाळले की पुन्हा एक हात वार्निशचा.

मग माझ्या आवडीचा भाग. कॅमलचा बर्न्ट अंबर ऑइल कलर नखाएवढा घ्यायचा आणि टर्पेंटाइनमध्ये पाण्याइतका पातळ करायचा. बारीक ब्रशचं टोक बोल्टच्या बुडाशी नुसतं टेकवलं की रंग आपोआप फटीतून धावतो आणि प्रत्येक जोड उठून दिसतो. खाली ॲक्रिलिक पूर्ण वाळलेलं असेल तर ऑइल त्याला धक्का लावत नाही. जास्त झालेलं टर्पेंटाइनच्या ओलसर ब्रशने वरून खाली ओढायचं, कारण पाऊसही वरून खालीच वाहतो. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागच्या मडगार्डवर असतात. तिथे गंजासाठी घरातला गेरू चालतो, कारण तो मुळात लोहाचा ऑक्साइडच. काजळीसाठी दिव्याची काजळी.

आता माती. अंगणातली माती वस्त्रगाळ केल्याशिवाय वापरू नये, कारण पाव मिलिमीटरचा कणही या मापात जवळजवळ नऊ मिलिमीटरचा खडा होतो. आणि धारूरची काळी माती फामागुस्तावर अजिबात नको. बसंतर रावीच्या खोऱ्यातली नदी आहे. तिथला गाळ फिकट, राखाडी-तपकिरी. ओला चिखल ट्रॅकवर आणि चाकांच्या मध्ये दाखवावा, वर सुकत गेलेली धूळ. ट्रॅकचा जमिनीला घासणारा भाग मात्र पेन्सिलीच्या शिशाने चकाकवायचा. एवढी माती योग्य जागी बसली, की गाडी कुठून आली हे सांगायला पाटी लागत नाही. वेदरिंगची कसोटी मी हीच मानतो. सफाईदार रंगकाम पुष्कळांना जमतं, पण मातीचा विचार थोडेच करतात.

बालाघाटातल्या आमच्या धारूर गावाला युद्धाची वास्तू नवी नाही. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वर खानाने बांधलेला किल्ला गावाला लागून उभा आहे. पण रणगाडे पाहायचे तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठावं लागतं. ते 1994 मध्ये सुरू झालं. रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून मटिल्डा, चर्चिल, पॅटन आणि आपल्या विजयंतापर्यंतची वाहनं तिथे आहेत. ती निगा राखलेली असतात, त्यामुळे चिखल तिथे शिकता येत नाही. पण जाडी, वेल्डिंगच्या रेषा आणि ओतीव पोलादाचा खरखरीतपणा फोटोत कधी कळत नाही, तो तिथे कळतो.

धारूरहून बीड, आष्टीमार्गे जाऊन एका दिवसात परत येता येतं. मुलाला किट घेऊन देणार असाल, तर खोका उघडण्याआधी त्याला तिथे घेऊन जा.