नर्सरीची फी आणि अंगणवाडीची खिचडी

“शिक्षण हा मूलभूत हक्क आहे ना, मग नर्सरीला एवढी फी घेतातच कशी?” फीचा आकडा ऐकल्यावर पालकांच्या तोंडी हमखास येणारा हा प्रश्न. त्यातला राग रास्त आहे, पण कायदा तसा नाही. मूलभूत हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो आणि चौदाव्या वर्षी संपतो. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांखालची सगळीच मुलं होती, वयाची खालची मर्यादा नव्हती. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाला मूलभूत हक्काचं बळही दिलं होतं. मग २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिने हक्क घटनेत लिहिला, पण सहा ते चौदा या वयापुरता. सहाच्या आतल्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढंच उरलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं (आरटीईचं) ११ वं कलमही तीन वर्षांपुढच्या मुलांची मोफत सोय करायची की नाही, हे सरकारच्या मर्जीवर सोडतं. म्हणजे वाढदिवसाच्या केकवर तीन, चार किंवा पाच मेणबत्त्या असणारी मुलं नेमकी या फटीत सापडली.

“आरटीईच्या पंचवीस टक्के जागा पहिलीलाच मिळतात” हा समज मात्र चूक आहे. शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असतील, तर राखीव जागांची तरतूद त्या वर्गांच्या प्रवेशालाही लागू होते, असं १२ व्या कलमातच म्हटलं आहे. आणि ही तरतूद पालकांनी झगडून राखली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि जुलैत न्यायालयाने तो बदल रद्दच केला. “कोर्टात जाऊन काय होतंय” म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं.

मुलाखतीचंही तसंच. नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घ्यायला महाराष्ट्रात १९९६ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही ‘नुसत्या गप्पा’ म्हणून बोलावणं येतं आणि आपण इस्त्रीचे कपडे घालून निमूट जातो!

फी शाळेने ठरवायची आणि आपण भरायची, असंही धरून चाललेलं असतं. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यानुसार शाळेतला प्रत्येक पालक हा पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो आणि फीचा प्रस्ताव संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. पुढच्या दुरुस्तीने मात्र तक्रारीसाठी पंचवीस टक्के पालकांनी एकत्र यायची अट घातली. त्यामुळे एकटादुकटा पालक तिथे हतबल ठरतो. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या स्वतंत्र प्लेग्रुपला तर वर्षानुवर्षं कुणी परवानाही विचारला नाही.

पण सगळ्यात मोठा गैरसमज अंगणवाडीबद्दलचा. “तिथे फक्त खिचडी मिळते, आणि ती गरिबांसाठी असते.” एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली तेव्हापासून तिच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण आहे. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. तुमच्या सोसायटीतलं मूलही तिथे जाऊ शकतं. शिवाय या कल्पनेचं मूळ इथलंच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांनी हेच काम वाढवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरल्या. शंख-शिंपले, पानं, बिया हीच शिकायची साधनं. स्वस्त म्हणजे निकृष्ट, हे समीकरण तिथे तेव्हाच मोडीत निघालं होतं.

मग आज तशी अंगणवाडी सगळीकडे का दिसत नाही? राज्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. तिथल्या ताईंनी मुलांची वजनं घ्यायची, आहार वाटायचा, गृहभेटी करायच्या, मोबाइलवर माहिती भरायची आणि उरलेल्या वेळात शिकवायचं. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल लागला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या आणि तो जानेवारीपर्यंत चालला. शहरी पालकांना त्याची झळ फारशी बसली नाही, कारण त्यांची मुलं तिथे नव्हतीच. माझ्या मते खरी अडचण हीच आहे. ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो, ते पालक फीवरून आपापल्या शाळेशी भांडतात. ज्यांची मुलं अंगणवाडीत आहेत, त्यांना मोर्चासाठी रोज बुडवणं परवडत नाही.

“चांगली शाळा म्हणजे एसी वर्ग आणि केजीतच इंग्रजी लिहिणारं मूल.” याला उत्तर थोडक्यात: या वयात हाताचे स्नायू अजून तयार होत असतात. त्यांना माती, मणी, रंग हवेत, रेघांची वही नको. दर्जा मोजायचाच असेल, तर २०१३ च्या राष्ट्रीय धोरणातली मापं हाताशी आहेत: तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती, दिवसाला तीन-चार तास, तीस मुलांसाठी ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर खेळायला जागा. हीच मापं घेऊन प्लेग्रुपच्या मॅडमना विचारा. मग ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन तोच प्रश्न वॉर्डातल्या अंगणवाडीबद्दल विचारा. आपलं मूल तिथे जात नसलं तरीही.