विषमतेचा धडा कोठून सुरू करावा?

सत्ता मालकाची आणि सोसणे मजुराचे, एवढेच आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. महाविद्यालयाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. चढलो ते वक्ता म्हणून. समाजशास्त्राच्या एका वर्गात गिरणी कामगारांविषयी बोलत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “तुमच्या कार्यकारिणीत बायका किती?” एकही नव्हती. आमच्या सभा रात्री आठला भरत. त्या वेळी बाया स्वयंपाकघरात असतात, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आम्ही शिकवायला गेलो आणि शिकून परतलो.

स्त्री-पुरुषांच्या शरीरांतील भेद निसर्गाचा. पण कोणते काम कोणाचे आणि त्याचे मोल किती, हे समाज ठरवितो. यालाच ‘लिंगभाव’ म्हणतात. ही व्याख्या पाठ करून उमगत नाही. मुंबईच्या जुन्या कापडगिरण्या पाहा. साचेखाते पुरुषांचे, वाइंडिंग व रीळिंग बायकांचे, आणि तेथील मजुरी कमी. बाईची कमाई म्हणजे संसाराला जोड, असे मालक म्हणत. कामगार पुढारीही बहुधा तसेच धरून चालत. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बाया जेवू घालीत, पण कामगारांच्या गणतीत त्या नसत. प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ निघाले, तेव्हा कुठे या बायांना बँकेचे दार उघडले.

जातीचेही तसेच. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना साचेखात्यात काम मिळत नसे. ही अडवणूक सवर्ण कामगारांचीही होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला. १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात तर, जात टिकते ती स्त्रीच्या विवाहावरील बंधनांनी, हे त्यांनी आधीच दाखविले होते. तात्पर्य, एका ठिकाणी दबलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी दाबणारा असू शकतो.

प्रा. नीरा देसाई यांनी १९७४ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. आज हा विषय अनेक महाविद्यालयांत आहे. पण तो शिकविणे अवघड. मुलांना वाटते, आपल्यावर आरोप होत आहे. मुलींना घरचे चारचौघांत सांगवत नाही. म्हणून आमची सूचना साधी आहे. कबुलीजबाब मागू नये, मोजायला लावावे. घरात सर्वांआधी कोण उठते, शेवटी कोण जेवते, पगार कोणाच्या हाती जातो, घर कोणाच्या नावावर आहे, हे विद्यार्थ्याने नाव न घालता आठवडाभर टिपावे. मग सर्व टिपणे फळ्यावर एकत्र मांडावीत. एका घराची खोड वाटणारी गोष्ट चाळीस घरांत सापडली, की ती समाजाची रचना आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

आमच्या सभा आता दुपारी भरतात. कार्यकारिणीत तीन बाया आहेत. खजिनदार मात्र अजून पुरुषच आहे. पुन्हा त्या वर्गात जाण्यापूर्वी याचे उत्तर आम्हांला तयार ठेवावे लागेल.