नंजनगुडच्या रसबाळे केळ्याची निर्यात कुठे अडते?

म्हैसूर जिल्ह्यातील नंजनगुडच्या रसबाळे केळ्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे. परदेशातील घाऊक खरेदीदार मात्र नावापेक्षा नियमित पुरवठा पाहतो. ४० फुटी शीत कंटेनरसाठी सुमारे २० टन एकसारखी, हिरवी केळी लागतात. ती १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात पाठवतात. त्याहून अधिक थंडीत साल काळवंडते.

एवढा माल जमणेच कठीण, कारण पनामा मर या बुरशीजन्य रोगाने रसबाळेचे क्षेत्र आक्रसले. ही बुरशी जमिनीत दशकानुदशके टिकते आणि फवारणीने हटत नाही. सोलापूरहून आखाती देशांत जाणारे ग्रँड नैन केळे रोगाच्या या प्रकाराला दाद देत नाही; रसबाळे सहज बळी पडते. ऊतिसंवर्धित रोपे निरोगी असली, तरी दूषित जमिनीत तीही मरतात. मानांकनामुळे केवळ नावाला संरक्षण मिळते. त्यामुळे लागवडीसाठी आधी रोगमुक्त जमीन शोधावी लागते.