त्वचारोगी, त्वचारोगतज्ज्ञ आणि विश्वासाचा प्रश्न : स्टेरॉईड मलमांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रास्ताविक

बहुतेक दीर्घकालीन आजार रुग्णाला चारचौघांत झाकून ठेवता येतात. त्वचेचा आजार मात्र चेहऱ्यावर, हातांवर, मानेवर उघडा असतो. त्यामुळे त्वचारोगी व्यक्तीला खाज, आग आणि निद्रानाश यांच्या जोडीने लोकांची नजरही सोसावी लागते. अशा व्यक्ती समदुःखी लोकांच्या शोधात असतात आणि संधी मिळताच समूह करून एकत्र येतात. या समूहांत उपचारांविषयी जेवढे बोलले जाते, तेवढेच उपचार करणाऱ्यांविषयीही बोलले जाते. त्या बोलण्यात कृतज्ञता असते, अपेक्षा असते आणि पुष्कळदा रागही असतो.

हा राग केवळ अज्ञानातून येतो, असे वैद्यकीय वर्तुळात मानले जाते. तर तज्ज्ञ मंडळी ऐकूनच घेत नाहीत, असे रुग्णांना वाटते. दोन्ही विधानांत सत्याचा अंश असला, तरी दोन्ही अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात इसबाचे रुग्ण आणि स्टेरॉईडयुक्त मलमे या एकाच प्रकरणाच्या आधारे या संबंधाचा विचार केला आहे. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, रुग्णांनी लावून धरलेली एक तक्रार अनेक वर्षांच्या वादानंतर अधिकृत यंत्रणांनी काही अंशी मान्य केल्याचे त्यात दिसून येते.

२. औषधाची पार्श्वभूमी

कॉर्टिसोनविषयक संशोधनासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच या तीन शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावल्याने काही त्वचारोगांत गुण येतो, असे दाखवून दिले. त्वचारोगशास्त्राच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा होय. त्याआधी इसबाच्या रुग्णाला प्रामुख्याने डांबरयुक्त लेप, ओल्या पट्ट्या आणि वंगणे यांवरच भिस्त ठेवावी लागे. पुढील दोन दशकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी कितीतरी पटींनी प्रभावी द्रव्ये उपलब्ध झाली.

ही मलमे त्वचेतील दाह शमवतात, प्रतिकारपेशींची अतिरिक्त हालचाल रोखतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडवतात. या आकुंचनामुळे लावलेल्या जागी त्वचा फिकट होते. मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२ साली याच गुणाचा उपयोग करून मलमांची ताकद मोजण्याची चाचणी सुचविली. ब्रिटनमध्ये या मलमांचे सौम्य ते अतितीव्र असे चार, तर अमेरिकेत सात वर्ग केले जातात.

गुणाबरोबर दोषही लवकरच दिसू लागले. त्वचा पातळ होणे, केशवाहिन्या उघड्या दिसणे, वळ उठणे हे परिणाम परिचित झाले. ऑस्ट्रेलियातील बरी यांनी १९७३ मध्ये आणि अमेरिकेतील क्लिगमन व फ्रॉश यांनी १९७९ मध्ये ‘व्यसन’ या अर्थाचा शब्द या मलमांच्या संदर्भात वापरला. मलम थांबवताच चेहऱ्यावर मूळ आजारापेक्षा तीव्र लाली व जळजळ उसळते, ती शमवण्यासाठी रुग्ण पुन्हा तेच मलम लावतो आणि हे चक्र चालू राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजेच आज रुग्ण जी तक्रार करतात, तिची पहिली नोंद त्वचारोगतज्ज्ञांनीच केली होती. पुढील वादाकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

३. रुग्णांच्या मनातील तक्रारी

जपानमध्ये १९९० च्या दशकात स्टेरॉईड मलमांविरुद्ध मोठे जनमत तयार झाले. पुढे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथील इसबाचे रुग्ण संघटित झाले. ‘इंटरनॅशनल टॉपिकल स्टेरॉईड अवेअरनेस नेटवर्क’ ही त्यांची एक प्रमुख संस्था. या रुग्णांच्या भावना तीन तक्रारींत मांडता येतील.

पहिली तक्रार पूर्वसूचनेच्या अभावाची आहे. मलम किती दिवस लावावे, किती प्रमाणात लावावे आणि ते कसे थांबवावे, हे स्पष्टपणे सांगितले गेले नाही, असे रुग्ण म्हणतात. ‘पातळसर लावा’ एवढ्या सूचनेतून कोणताच नेमका बोध होत नाही. वस्तुतः लाँग आणि फिनले यांनी १९९१ मध्ये बोटाच्या पेराचे सोपे माप सांगितले होते. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेले मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ते दोन तळहातांएवढ्या क्षेत्राला पुरते. हे माप समजावून देण्यास एक मिनिटही लागत नाही.

दुसरी तक्रार अविश्वासाची आहे. मलम थांबवल्यावर अंगभर आग होते, त्वचा पापुद्र्यांनी गळते, झोप उडते. ही अवस्था काही आठवडे, तर काहींच्या बाबतीत अनेक महिने टिकते. हे सांगितल्यावर ‘तुमचा इसबच वाढला आहे’ असे उत्तर मिळते आणि पूर्वीपेक्षा तीव्र मलम दिले जाते. रुग्णाला हे उत्तर आपला अनुभव खोटा ठरवणारे वाटते.

तिसरी तक्रार उपचाराच्या हेतूविषयी आहे. रुग्ण आजार ‘बरा’ होईल या आशेने येतो. तज्ज्ञ मात्र तो ‘आटोक्यात’ ठेवण्याचा विचार करतो. इसब हा उलटणारा आजार असल्याने तज्ज्ञाची भूमिका शास्त्रीय असते. परंतु हा फरक आरंभीच उघड केला नाही, तर प्रत्येक उलट ही रुग्णाला फसवणूक भासते.

४. तज्ज्ञांची बाजू

या तक्रारींना दुसरी बाजू आहे आणि तीही तितकीच गंभीर आहे. योग्य ताकदीचे मलम योग्य मुदतीपर्यंत वापरल्यास ते बहुसंख्य रुग्णांना सुरक्षित ठरते, हा त्वचारोगशास्त्राचा अनेक दशकांचा अनुभव आहे. भीतीपोटी मलम टाळल्यामुळे जंतुसंसर्ग झालेली, रात्र रात्र खाजवणारी, वाढ खुंटलेली मुले तज्ज्ञांना पाहावी लागतात.

चारमन, मॉरिस आणि विल्यम्स यांनी २००० साली ब्रिटनमधील इसबाच्या २०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७२.५ टक्के लोकांना स्वतःच्या वा आपल्या मुलाच्या त्वचेवर स्टेरॉईड मलम वापरण्याची चिंता वाटत होती आणि २४ टक्के लोकांनी या चिंतेमुळे मलम सांगितल्याप्रमाणे वापरले नसल्याचे मान्य केले. या चिंतेत त्वचा पातळ होण्याचे भय अग्रभागी होते. ‘स्टेरॉईडभय’ ही संज्ञा अशा निरीक्षणांतून रूढ झाली.

मात्र या संज्ञेचा एक दुष्परिणामही झाला. ‘भय’ म्हटले की ते निराधार असणार, असे गृहीत धरले जाते. वर्षानुवर्षे चेहऱ्यावर तीव्र मलम लावलेल्या व्यक्तीची साधार तक्रार आणि सौम्य मलम आठवडाभर लावण्यासही कचरणाऱ्या पालकाची चिंता ही दोन्ही एकाच शब्दाखाली गेली. वास्तविक पहिल्या व्यक्तीला उपचारबदलाची, तर दुसऱ्याला दिलाशाची गरज असते.

५. एक लक्षण, दोन अर्थ

मतभेदाचे मूळ निदानाच्या अडचणीत आहे. मलम थांबवल्यावर उद्भवणारी लाली आणि मूळ इसबाची उलट या दोहोंत साम्य असते व त्यांना वेगळे करणारी सर्वमान्य प्रयोगशाळा-चाचणी उपलब्ध नाही. तज्ज्ञाने इसब समजून मलम द्यावे, तर अवलंबन वाढण्याचा धोका. रुग्णाने अवलंबन समजून सर्व उपचार सोडावेत, तर साधा इसब हाताबाहेर जाण्याचा धोका. चूक कोणाचीही झाली, तरी तिची किंमत रुग्णाच्या त्वचेलाच मोजावी लागते.

अशा अनिश्चित अवस्थेत कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हा प्रश्न वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात ज्ञानविषयक अन्यायाची संकल्पना मांडली. ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या साक्षीला वाजवीपेक्षा कमी वजन मिळणे, हा त्या अन्यायाचा एक प्रकार होय. रुग्णाचे निदान चुकीचे असू शकते. परंतु त्याने सांगितलेला अनुभव त्यामुळे खोटा ठरत नाही. ‘तुम्हाला होते ती जळजळ खरी आहे, तिचे कारण मात्र तपासावे लागेल’ एवढे वाक्यही या दोहोंतील भेद राखू शकते.

६. मान्यतेकडे वाटचाल

२०१३ मध्ये ब्रिटनमध्ये रुग्ण, पालक व चिकित्सक यांनी मिळून इसबाच्या संशोधनातील अग्रक्रम ठरवले. दोन्ही बाजूंनी समान महत्त्व दिलेल्या प्रश्नांत स्टेरॉईड मलमे वापरण्याची सर्वांत उत्तम व सुरक्षित पद्धत कोणती आणि त्यांची दीर्घकालीन सुरक्षितता किती, हे प्रश्न होते. रुग्णांचे भय आणि तज्ज्ञांची जिज्ञासा एकाच ठिकाणी येऊन मिळाली होती.

अमेरिकेत २०१५ साली या विषयावरील ३४ अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. चेहरा व जननेंद्रियांचा भाग येथे मध्यम वा तीव्र मलम दीर्घकाळ व अयोग्य रीतीने वापरल्यास असा त्रास प्रामुख्याने होतो, बाधितांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे आणि उपलब्ध पुराव्याचा दर्जा मर्यादित आहे, असे त्यातून पुढे आले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना व तेथील इसबविषयक संस्था यांनी संयुक्त निवेदन काढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथील औषध-नियामक संस्थेने अशा प्रतिक्रियांविषयी सूचना दिली आणि २०२४ मध्ये मलमांच्या वेष्टनावर त्यांची ताकद शब्दांत नमूद करण्याचा निर्णय जाहीर केला. मलम सौम्य आहे की अतितीव्र, ही साधी माहिती रुग्णाच्या हाती यावयास पहिल्या प्रयोगानंतर सात दशके लागली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही अवस्था इसबापासून जैवरासायनिकदृष्ट्या वेगळी असल्याचे व पेशींच्या ऊर्जानिर्मितीतील एका प्रक्रियेशी ती निगडित असल्याचे संकेत दिले. अभ्यासातील रुग्णसंख्या लहान असल्याने हे निष्कर्ष प्राथमिक मानावे लागतात. तरीही रुग्णांच्या तक्रारीला प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

७. भारतीय संदर्भ

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप निराळे आहे. पाश्चात्त्य रुग्णाची तक्रार डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मलमाविषयी असते; भारतात पुष्कळदा डॉक्टरांची चिठ्ठीच नसते. गजकर्ण, वांग, मुरूम किंवा नुसता ‘रंग उजळणे’ यांसाठी औषधाच्या दुकानातून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वा ब्युटी पार्लरमधून मलम घेतले जाते. सारस्वत व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३, म्हणजे १४.८ टक्के, स्टेरॉईड मलम वापरत असल्याचे आढळले. चेहऱ्याच्या अशा हानीसाठी भारतीय तज्ज्ञांनी २००८ पासून स्वतंत्र संज्ञाही प्रचारात आणली.

गजकर्णाच्या बाबतीत तर हे मलम दुधारी ठरते. स्टेरॉईडमुळे खाज व लाली तात्पुरती थांबते, पण बुरशी वाढतच राहते; चट्ट्याचे रूप पालटल्याने निदान अवघड होते. बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टेरॉईड यांचे मिश्रण असलेली स्वस्त मलमे आणि भारतात पसरलेले चिवट, औषधाला दाद न देणारे गजकर्ण यांचा संबंध अनेक तज्ज्ञ जोडतात.

शासनाने मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या ‘एच’ परिशिष्टात आणली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषध-मिश्रणांवर बंदी घातली; त्यांत स्टेरॉईडयुक्त काही मलमेही होती. या मागणीसाठी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. म्हणजे पश्चिमेत रुग्णांनी तज्ज्ञांना जे सांगितले, ते येथे तज्ज्ञ समाजाला सांगत आहेत. मात्र केवळ विक्रीनियमनाने प्रश्न सुटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ शहरांत एकवटलेले असताना खेड्यातील रुग्णाला दुकानदाराचा सल्लाच जवळचा वाटतो आणि गोऱ्या वर्णाचा हव्यास कायम असताना मलमाची मागणीही कायम राहते.

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. रुग्णांचा रोष औषधाइतकाच संवादाच्या अभावावर असतो. तज्ज्ञांची सावधगिरी पुराव्यावर आधारलेली असली, तरी पुरावा अपुरा असताना तिने रुग्णाच्या साक्षीला कमी लेखता कामा नये. आणि रुग्णांच्या संघटित अनुभवालाही शास्त्रीय कसोटीतून जावेच लागते. त्याशिवाय तो दुसऱ्या रुग्णासाठी विश्वसनीय मार्गदर्शक ठरत नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध दूरचा नाही. चेहऱ्यावरील मुरुमे आणि वर्ण यांची सर्वाधिक चिंता करणारा वयोगट त्यांच्यासमोर वर्गात बसलेला असतो. मलमाच्या नळीवरील घटकद्रव्ये वाचण्याची सवय, ‘एच’ परिशिष्टातील औषधावरील सूचनेचा अर्थ आणि स्टेरॉईड मलम दीर्घकाळ वापरले असल्यास ते परस्पर अकस्मात बंद न करता तज्ज्ञाच्या देखरेखीखाली थांबवण्याची दक्षता एवढे जरी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले, तरी अनेक चेहरे वाचतील. तज्ज्ञासमोर काय विचारावे, हे ज्याला ठाऊक असते, त्याचा विश्वास आंधळा राहत नाही आणि सहजासहजी तुटतही नाही.